अंगाचा रंग आणि अंगावरचा रंग

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची पुण्याहून घरी आली. हातात पंख्यासारखी उलगडणारी कापडाच्या पट्ट्यांची एक चळत होती. उंबऱ्यातूनच म्हणाली, ‘‘मामू, मी हिवाळा आहे!’’ मला वाटलं, पोरगी कविता करायला लागली की काय. एका घराण्याला एक कवी पुरेसा असतो, जास्त झाले तर घर चालत नाही. पण तसं काही नव्हतं. पुण्यात एका बाईंनी तिला खिडकीशेजारी, आरशासमोर दीड तास बसवून ठेवलं होतं. चेहरा स्वच्छ धुतलेला, त्याला पावडरसुद्धा नाही. केस पांढऱ्या फडक्यात बांधलेले, खांद्यावरून पांढरी चादर. मग त्या बाई तिच्या गळ्याखाली एकामागून एक रंगीत कापडं धरत गेल्या. केशरी धरलं, काढलं. गुलाबी धरलं, काढलं. काही रंगांनी चेहरा मलूल दिसे, डोळ्यांखालची वर्तुळं गडद होत. काही रंगांनी तोच चेहरा टवटवीत वाटे. शेवटी निकाल लागला की भाचीबाई ‘हिवाळा’ आहेत आणि पट्ट्यांच्या त्या चळतीत असलेले रंगच त्यांनी वापरावेत. या सगळ्याची फी किती झाली ते मी इथं सांगत नाही. तिची आई रेडिओ ऐकते.

या पद्धतीत माणसांचे चार ऋतू मानतात. अंगाच्या रंगात पिवळसर-सोनेरी झाक असेल तर माणूस ‘उष्ण’, निळसर-गुलाबी झाक असेल तर ‘शीत’. उष्णातले नाजूक, स्वच्छ रंगांचे ते वसंत आणि भरदार, मातकट रंगांचे ते शरद. शीतातले मऊ, धुकट रंगांचे ते उन्हाळा आणि ठसठशीत, गडद रंगांचे ते हिवाळा. अलीकडे या चारांचे बारा आणि सोळाही झाले आहेत. दक्षिण कोरियात तर गेल्या दहा-बारा वर्षांत याची अशी लाट आली, की सेऊलला जाणारे परदेशी पाहुणेसुद्धा आपला ऋतू कोणता ते ठरवून घेऊन परततात.

माणसाला ऋतूचं नाव देणं हे खरं म्हणजे आम्हा कवींचं काम. त्यामुळे मला कुतूहल वाटलं की हे रूपक पहिल्यांदा केलं कुणी? शोधत गेलो तर कवी भेटलाच, पण फार उशिरा. सुरुवातीला भेटला तो एक रंगारी.

त्याचं नाव मिशेल यूजीन शेव्रल. जन्म १७८६ चा, फ्रान्समधला. मूळचा रसायनशास्त्रज्ञ. चरबी आणि साबण यांचं रसायन त्यानं उलगडलं आणि त्या कामातून पुढं चांगल्या मेणबत्त्या निघाल्या. १८२४ साली त्याला पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख नेमलं. भिंतीवर टांगायची भलीमोठी चित्रं मागावर विणणारा हा सरकारी कारखाना. तिथल्या विणकरांची तक्रार होती की आपल्याकडचा काळा धागा चांगला नाही. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या चुण्या दाखवायला तो वापरला, की फिका पडतो. शेव्रलनं इतर कारखान्यांतून काळी लोकर मागवली, आपल्या लोकरीशी ताडून पाहिली. आपल्या रंगात काही खोट नव्हती. मग त्याच्या ध्यानात आलं की दोष कढईत नाही, शेजारात आहे. दोन रंग शेजारीशेजारी आले, की आपला डोळा त्यांच्यातला फरक वाढवून पाहतो. प्रत्येक रंग दुसऱ्याला आपल्या विरुद्ध टोकाकडे ढकलतो. निळ्याच्या विरुद्ध नारिंगी. म्हणून निळ्याशेजारच्या काळ्यावर नारिंगी झाक चढते आणि तो विटका वाटतो.

घरी करून पाहण्यासारखी गोष्ट आहे. करड्या कागदाचे अगदी सारखे दोन तुकडे घ्या. एक लाल कापडावर ठेवा, एक हिरव्यावर. लालवरचा तुकडा हिरवट दिसेल, हिरव्यावरचा लालसर. तुकडे उचलून शेजारी ठेवा, पुन्हा सारखे.

शेव्रलनं १८३९ मध्ये यावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. चित्रकारांनी ते डोक्यावर घेतलं. पण आपल्या आजच्या विषयाचं बीज त्याच्या एका भागात आहे. त्यात त्यानं विचार केला की बाईच्या चेहऱ्याशेजारी कापड येतं, तेव्हा चेहरा हासुद्धा एक रंगच असतो, आणि नियम त्यालाही लागू व्हायला हवा. फिकट हिरवं कापड निस्तेज गोऱ्या चेहऱ्याला थोडी लाली देतं. उलट गुलाबी कापड चेहऱ्याला अगदी चिकटून आलं, तर चेहऱ्याची लाली हिरावून घेतं. म्हणून त्यानं सुचवलं की मध्ये पांढऱ्या जाळीची झालर लावा. सोनेरी केसांना आकाशी रंग खुलतो, काळ्या केसांना पिवळा आणि नारिंगीकडे झुकणारा तांबडा. तांबूस आणि काळ्या त्वचेच्या माणसांसाठीही त्यानं पुस्तकात वेगळी जागा ठेवली होती, हे विशेष. आणि आणखी एक नियम त्यानं सांगितला. काळं कापड शेजारच्या त्वचेचा गडदपणा कमी करून दाखवतं. पांढरं कापड शेजारच्या रंगाला आणखी गडद करतं. हा नियम जरा लक्षात असू द्या.

शेव्रल १०२ वर्षं जगला. १८८९ मध्ये तो गेला, तेव्हा पॅरिसमध्ये आयफेल टॉवर उभा राहून काही दिवसच झाले होते.

त्याच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर १८५४ मध्ये निघालं आणि त्याच दशकात अमेरिकेतल्या ‘गोडीज लेडीज बुक’सारख्या मासिकांनी त्यातली सूत्रं गृहिणींपर्यंत पोचवली. वेळही मोठी अचूक साधली गेली. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा १८ वर्षांचा मुलगा डांबरापासून मलेरियाचं औषध करायला बसला आणि भांड्यात निघाला जांभळा रंग. मग कारखान्यांतून एकामागून एक रंग स्वस्तात बाहेर पडू लागले. तोवर सामान्य बाईला ‘मला कोणता रंग शोभतो’ हा प्रश्न पडायला फारसा वावच नव्हता. जो मिळेल आणि परवडेल तो नेसायचा. निवड हाती आली, आणि निवडीची धास्तीही तिच्या मागोमाग आली.

यानंतरचा माणूस योहानेस इटेन. स्वित्झर्लंडचा. जर्मनीतल्या वायमार इथं १९१९ मध्ये बाउहाउस ही कलाशाळा निघाली, तिच्या पहिल्या शिक्षकांपैकी एक. डोक्याचा चकोट, अंगात जोग्यासारखा झगा आणि जेवणात लसणाचा मारा. विद्यार्थ्यांकडून वर्गात आधी श्वासाचे व्यायाम करून घ्यायचा आणि मग चित्रं. १९२२ च्या डिसेंबरात कलकत्त्यात बाउहाउसच्या चित्रकारांचं प्रदर्शन भरलं होतं, त्यात क्ले आणि कांडिन्स्की यांच्याबरोबर इटेनचंही काम होतं. म्हणजे या रंगपुराणातल्या एका पात्राची चित्रं शंभर वर्षांपूर्वीच आपल्याकडे येऊन गेली आहेत. पुढं १९२३ मध्ये त्याचं शाळेशी बिनसलं आणि तो बाहेर पडला, नंतर बर्लिनला त्यानं स्वतःची शाळा काढली.

त्या शाळेतला १९२८ चा एक प्रसंग त्यानं आपल्या ‘कुन्स्ट डेअर फार्बे’ म्हणजे ‘रंगांची कला’ या १९६१ च्या पुस्तकात सांगितला आहे. वर्गात तो रंगांचे मेळ शिकवत होता. अमुक रंग अमुक रंगाबरोबर घ्या, असे नियम देऊन त्यानं विद्यार्थ्यांना रंगवायला बसवलं. थोड्या वेळात वर्गात चुळबुळ सुरू झाली. कुणालाच ते मेळ पटेनात. दुसरा एखादा मास्तर असता तर ओरडला असता. इटेन म्हणाला, ठीक आहे, तुम्हाला जे सुसंवादी वाटतं ते तुम्ही रंगवा. तासाभरानं सगळ्यांचे कागद फरशीवर मांडले, तर प्रत्येकाचं जग वेगळं. आणि कागदावरचे रंग त्या त्या मुलाच्या किंवा मुलीच्या केसांशी, डोळ्यांशी, कांतीशी कुठंतरी नातं सांगत होते. माणूस आपल्या नकळत स्वतःचाच रंग निवडतो, असं त्याला दिसलं.

या प्रसंगातली मला महत्त्वाची वाटते ती दिशा. इथं माणूस आधी निवडतो आणि मग जाणकार त्याच्याकडे पाहतो. इटेननं ऋतूंवरही लिहिलं आहे, चारही ऋतूंचे रंगमेळ रंगवून दाखवले आहेत, पण ते चित्रातला भाव कसा येतो हे सांगायला. माणसांना चार खणांत बसवणं त्याच्या पुस्तकात नाही. आज बहुतेक ठिकाणी हा सगळा उद्योग त्याच्या नावावर खपवला जातो, त्यात त्याच्यावर थोडा अन्यायच होतो.

माणूस आणि ऋतू यांची गाठ मारली ती कॅलिफोर्नियातल्या सुझॅन केगिलनं. ही १९११ सालची. बायकांच्या टोप्या करायची, कपडे बेतायची, रात्रीच्या क्लबांत गायची आणि कविता करायची. बघा, आला की नाही कवी! १९४५ च्या सुमारास तिनं बाकी सगळं मागे टाकलं आणि उरलेलं आयुष्य, म्हणजे १९९४ पर्यंत, माणसांचे रंग हुडकण्यात घालवलं. १९५० च्या दशकात ती टेलिव्हिजनवरही दिसायची. एकेका माणसासाठी ती स्वतंत्र रंगपत्रिका करायची. ऋतू चारच, पण एकेका ऋतूच्या पोटात तिनं कितीतरी भेद केले आणि त्यांना नावं दिली. कोवळा वसंत, धातूचा शरद, उसळता हिवाळा. आता मला सांगा, हे शास्त्र आहे की कविता? मला तरी ती कविताच वाटते, आणि चांगली. चांगल्या उपमेचा गुण असा की ती एका माणसाला एकदाच लागू पडते.

पण बाजाराला एका माणसाचं काम परवडत नाही. १९७० नंतर अमेरिकेत बायका मोठ्या संख्येनं कचेऱ्यांत जाऊ लागल्या. काय घालावं म्हणजे पुरुष आपलं बोलणं गांभीर्यानं ऐकतील, हा रोजचा प्रश्न झाला. १९७७ मध्ये जॉन मॉलॉय नावाच्या गृहस्थानं बायकांनी यशस्वी होण्यासाठी काय पेहराव करावा यावर एक पुस्तकच लिहिलं, आणि बायका पुरुषांसारख्या कोटांत शिरल्या. या कोंडीत १९८० साली कॅरोल जॅक्सनचं ‘कलर मी ब्यूटिफुल’ आलं. चार ऋतू, प्रत्येकाला तीस रंग. आरशासमोर उभं राहा, स्वतःचा ऋतू ओळखा, रंगांच्या चिंध्यांचं पाकीट पर्समध्ये टाका आणि दुकानात जा. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. त्याच १९८० मध्ये केगिलचंही पुस्तक निघालं होतं. कुणाचं जास्त वाचलं गेलं हे सांगायला नकोच.

इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण इथं आपण या गोष्टीत येतो. म्हणजे येतो, पण कसे, तेही पाहू.

भाचीची चळत मी चाळत होतो. तिनं मला समजावलं, ‘‘मामू, उन्हाळा म्हणजे शीत रंग. फिकट निळा, धुरकट गुलाबी, लव्हेंडर.’’ मी म्हटलं, अगं, सोलापुरात राहून उन्हाळा शीत म्हणतेस? आमच्या उन्हाळ्यात पळस पेटतो, गुलमोहर पेटतो, पत्रे तापतात, दुपारी कुत्रंसुद्धा गटाराकाठची सावली सोडत नाही. पण तो उन्हाळा तिथला आहे. धुकट आभाळाखालच्या बागेतला, जिथं जूनमध्ये गुलाब फुलतात. हिवाळाही तसाच. पांढरं बर्फ आणि त्यावर काळ्या फांद्या. आमच्या हिवाळ्यात तर हरभऱ्याची हिरवीगार डहाळी असते, करडई असते, तुरीच्या शेंगा असतात. आणि पावसाळा? निम्मी मराठी कविता ज्याच्यावर जगली, तो पावसाळा या चौकटीत कुठंच नाही. रूपक एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेलं, की असं वाटेत काहीतरी सांडतं.

हे झालं शब्दांचं. माणसांचं याहून गंभीर झालं. जॅक्सनच्या मांडणीत काळे अमेरिकन, चिनी-जपानी, भारतीय, म्हणजे जगातली बहुतेक माणसं, एकाच ऋतूत गेली. हिवाळ्यात. उरलेले तीन ऋतू मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत वाटले गेले. यात कुणाचा दुष्टावा होता असं नाही. ही पद्धत ज्या माणसांना पाहून घडली, त्यांच्यात केस सोनेरी, तांबडे, तपकिरी, काळे असे होते आणि डोळे निळे, हिरवे, घारे. फरक मोजायच्या खुणा त्या होत्या. आमचे केस काळे, डोळे काळेभोर. खुणाच संपल्या. गव्हासाठी केलेल्या चाळणीतून राळा आणि नाचणी चाळली तर दोन्ही एकत्रच खाली पडणार. चाळणारा म्हणणार, हे सगळं एकच धान्य आहे.

हे फक्त कपड्यांच्या बाबतीत घडलं नाही. १९७५ मध्ये फिट्झपॅट्रिक या अमेरिकन त्वचातज्ज्ञानं उन्हाला त्वचा कशी प्रतिसाद देते यावरून तिचे प्रकार पाडले, ते सुरुवातीला चार आणि चारही गोऱ्या त्वचेचे. तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडला गेला. रंगीत फोटोंच्या प्रयोगशाळांत रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा फोटो नमुना म्हणून ठेवत. काळ्या माणसांचे चेहरे त्या फिल्मवर नीट उमटत नव्हते. पण फिल्म सुधारायला जोर लावला तो चॉकलेट बनवणाऱ्यांनी आणि लाकडी सामान विकणाऱ्यांनी. त्यांच्या जाहिरातींत एक तपकिरी दुसऱ्यापासून वेगळा दिसत नव्हता ना! माणसांच्या आधी शिसवीला न्याय मिळाला.

रंगपत्रिकांच्या दुनियेत १९९१ साली जीन पॅटन यांनी काळ्या स्त्रियांसाठी स्वतंत्र पुस्तक लिहिलं आणि डॉना फुजी यांनीही आशियाई आणि इतर वर्णांच्या माणसांना वेगवेगळं पाहायला घेतलं. २०२२ मध्ये एलिस मंक या समाजशास्त्रज्ञाची दहा छटांची पट्टी गूगलनं संगणकाच्या कामासाठी स्वीकारली. चाळण्या आता हळूहळू बदलताहेत.

या पद्धतीत तथ्य किती? डोळ्याबद्दलचं शेव्रलचं म्हणणं पक्कं आहे. २०२१ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या एका प्रयोगात लोकांना चेहऱ्यांना साजेसे कपड्यांचे रंग निवडायला सांगितले, तर फिकट त्वचेला निळ्याकडचे आणि उन्हानं तांबूस झालेल्या त्वचेला नारिंगी-तांबड्याकडचे रंग जास्त निवडले गेले. पण मनगटाच्या शिरा निळ्या दिसतात की हिरव्या, यावरून उष्ण-शीत ठरवणं मला जरा अवघड वाटतं. शिरेतलं रक्त गडद लालच असतं. त्वचेतून उजेड विखरून येतो आणि डोळा शिरेची तुलना शेजारच्या कातडीशी करतो, म्हणून ती निळी भासते. म्हणजे इथंही शेव्रलचाच शेजारधर्म. आणि सावळ्या मनगटावर शीर धड दिसली तर ना! आमच्याच घरात, एका आईच्या पोटच्या चार भावंडांत, एकाच्या सावळेपणात पिवळी झाक आहे, एकाच्यात तांबूस, एकाच्यात हिरवट. सगळे हिवाळे कसे असू?

आता त्या लक्षात ठेवायला सांगितलेल्या नियमाकडे येतो.

भाचीची आई म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही तिला आपा म्हणतो. भावंडांत सगळ्यात गडद वर्ण तिचा. आपल्याकडे अंगाच्या रंगाला शब्द किती आहेत! गोरी, निमगोरी, उजळ, गहूवर्णी, सावळी, काळीसावळी. पंढरपूरच्या वाटेवर ‘सावळा’ म्हटलं की गळा दाटून येतो आणि मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांत तोच शब्द आवाज खाली करून उच्चारतात. यात हिंदू-मुसलमान असा काही भेद नाही, इथं आपण सगळे एक आहोत. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या त्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द जायला २०२० साल उजाडावं लागलं.

१९८३ ची गोष्ट. आपाला बघायला पाहुणे येणार होते. खाला तिला साडी घ्यायला सोलापूरच्या कापडबाजारात घेऊन गेल्या. पिशव्या धरायला मी. दुकानातला माणूस साडीचा पदर झोकात उलगडायचा आणि आपाच्या खांद्यावर टाकून आरसा पुढं करायचा. पुण्याच्या बाईंनी दीड तास जे केलं तेच की! साडीच्या दुकानांत हे पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे, फक्त त्याची फी नाही. आपाची नजर एका आमसुली साडीवर होती. गडद, कोकमाच्या सालीसारखा रंग. त्या माणसानं ती तिच्या खांद्यावर टाकली. मी दहा-अकरा वर्षांचा असेन, मला रंगातलं काय कळतंय. पण आपा एकदम वेगळी दिसली एवढं मला आठवतं. खालांनी पदर बाजूला केला. ‘‘गडद नको. आणखी काळी दिसशील.’’ आणि पिस्ता रंगाची साडी बांधून घेतली.

पुढची चाळीस वर्षं आपानं पिस्ता, मोतिया, बदामी आणि फिकट गुलाबी यांतच काढली. चिंतामणी, वांगी, डाळिंबी हे रंग तिनं सुनांना, मुलीला, शेजारणींना निवडून दिले. बाजारहाटात रंग पारखायला सगळ्या तिलाच घेऊन जातात, इतकी तिची नजर तयार. स्वतःसाठी मात्र फिकट.

शेव्रल वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. काळं कापड शेजारची त्वचा उजळ दाखवतं आणि फिकट कापड ती गडद करतं. म्हणजे आपा उजळ दिसावी म्हणून खालांनी जे रंग निवडले, ते नेमकं उलट काम करत होते. आणि हे १८३९ साली छापून झालेलं होतं. पण हे मनात येताच मी स्वतःवरच चिडलो. गडद साडीत ती उजळ दिसली असती, म्हणून ती तिला मिळायला हवी होती का? तिला ती आवडली होती. फरशीवर कागद मांडून बसलेल्या इटेनला तेवढंच कारण पुरलं असतं.

मी इतका वेळ ज्या हिवाळ्याची टर उडवली, त्याचीही एक बाजू आता मला मान्य करावी लागते. भाचीचा वर्ण आईवर गेला आहे. तिच्या पट्ट्यांत गडद लाल होता, जांभळा होता, गर्द निळा आणि काळा होता. म्हणजे आपाला नाकारलेले सगळे. चाळणी ओबडधोबड असेल, पण तिनं या पोरीला सांगितलं की हे तुझे आहेत. पाकिटात छापून दिलं. तिला ते सांगायला घरातलं कुणी पुढं आलं नाही, आम्हीही नाही, हे विसरून कसं चालेल?

त्या दिवशी भाचीनं आईला ओढत खिडकीपाशी नेलं, डोक्यावर पांढरा टॉवेल बांधला आणि पट्ट्या लावायला सुरुवात केली. आपा म्हणत होती, ‘‘सोड गं, दूध उतू जाईल.’’ मरून पट्टी आली, तेव्हा मात्र गप्प झाली. आरशात बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘हा आमसुली नाही. आमसुलीत जरा काळं जास्त असतं.’’ आणि दूध बघायला गेली. दूध उतू गेलंच होतं.

रमजान ईदच्या खरेदीला आम्ही तिघं गेलो. दुकानदार ओळखीचा. सवयीनं त्यानं मोतिया रंगाच्या चार साड्या पुढं सरकवल्या. आपानं त्या हातानं बाजूला केल्या आणि मागच्या फळीकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, ‘‘सूनबाईंसाठी का?’’

‘‘माझ्यासाठी,’’ आपा म्हणाली. ‘‘आणि इथं ट्यूबलाइटखाली नको. बाहेर उजेडात चला.’’